जी काठी माझ्यातून गेली, ती बाद

मित्रांनो, मला बघून तुम्हाला वाटेल, ही कुठल्या तरी मोडक्या बैलगाडीची निखळलेली कडी. वाटू दे. मी एक जुनी लोखंडी कडी आहे हे खरंच आहे, आणि अंगावर गंज चढलाय हेही खरं. पण एके काळी आमच्या गावातली पोरं वर्षातून एकदा माझ्यासमोर रांग लावून उभी राहायची. काठीचं टोक माझ्यावर टेकवायची आणि श्वास रोखून बघायची. जी काठी माझ्यातून आरपार गेली, ती बाद. जी माझ्यापाशी अडली, ती पास. जगातल्या बाकीच्या कड्या काहीतरी अडकवून घ्यायला किंवा ओवून घ्यायला असतात. माझं काम अडवण्याचं होतं.

मी स्वभावाने काळजीखोर आहे, हे आधीच सांगून ठेवते. कोणी म्हणेल, लोखंडाला कसली आली काळजी? अहो, ज्याच्यावर दुसऱ्याच्या लेकरांचे डोळे सोपवलेत, त्याला लोखंड असून चालत नाही.

माझा जन्म नथू लोहाराच्या भट्टीत झाला. वसईच्या वाड्यांमध्ये तेव्हा विहिरीविहिरीवर रहाट होते. रेडा गोल गोल फिरायचा, मातीची गाडगी भरून वर यायची आणि पाणी पाटाने केळीत, पानवेलीत जायचं. रेड्याच्या जुवाला जो दोर असायचा, त्याच्या टोकाला नथूने मला बसवलं. दिवसभर ओढ सहन करायची, एवढंच माझं काम. दोर कितीदा तुटले, रेडे बदलले, मी मात्र तशीच. नथू येता-जाता मला बोटाने टिचकी मारायचा आणि आवाज ऐकून खूश व्हायचा. वाडी मार्सेलच्या बापाची होती. मार्सेल तेव्हा लहान होता, आणि रेड्याच्या मागे फिरत मला हात लावून जायची त्याला खोडच होती.

आता आमच्या गावच्या लढाईबद्दल सांगते. भात कापून झालं, नाताळ आटोपला, की खाडीकडची शेतं मोकळी पडायची. मग एका रविवारी दुपारी तिथे खेळातली लढाई व्हायची. शेताचा उंच बांध म्हणजे किल्ल्याचा तट. एक बाजू 'आतले', त्यांनी बांधावरचं निशाण राखायचं. दुसरी बाजू 'बाहेरचे', त्यांनी ते काढायचं. कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे नशिबावर. डोळे मिटून टोपलीत हात घालायचा. सुपारी आली तर आतला, चिंचोका आला तर बाहेरचा. त्यामुळे चर्चच्या बाजूचे आणि खाडीच्या बाजूचे अशा गावाच्या दोन बाजू कधी पडल्या नाहीत. उलट सख्खे भाऊ समोरासमोर यायचे आणि आई बांधाखाली उभी राहून दोघांनाही शिव्या घालायची.

मार्सेल आणि शत्रुघ्न हे दोघं जिवाभावाचे मित्र. मार्सेल वाडीवाल्याचा, शत्रुघ्न खाडीकाठच्या भातशेतीवाल्याचा. मिसरूड फुटायच्या वयात होते दोघं. त्या वर्षी एकाला सुपारी आली, दुसऱ्याला चिंचोका. काठ्यांना तेव्हा काही नियम नव्हता. कोणी बांबू उचलला, कोणी झाडाची फांदी तोडली. बांध चढताना शत्रुघ्नचा पाय घसरला, आणि त्याच्या हातातल्या बांबूचं टोक मार्सेलच्या डाव्या डोळ्यात गेलं.

मी हे डोळ्यांनी पाहिलं नाही, पण पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. धावत धावत त्याला विहिरीवर आणलं. रेडा जुंपलेलाच होता. गाडग्यातलं पाणी घेऊन त्याच्या आईने त्याचा चेहरा धुतला, आणि पाटातलं पाणी लाल होऊन केळीकडे गेलं. शत्रुघ्न विहिरीच्या कठड्याला धरून उभा होता. त्याला कोणी रागावलं नाही. त्याला कोणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

डोळा गेला. पुढे मुंबईला नेऊन काचेचा डोळा बसवून आणला. लढाई बंद पडली. मार्सेलने शत्रुघ्नला कधी दोष दिला नाही, आणि शत्रुघ्नने स्वतःला कधी सोडलं नाही. दोघांची मैत्री संपली असंही नाही, पण बोलणं आटत गेलं. नवं भात निघालं की शत्रुघ्नच्या घरून टोपली यायची, केळीचा घड उतरला की मार्सेलच्या घरून जायचा. टोपली आणि घड आणणारी-नेणारी घरातली पोरं. ते दोघं रस्त्यात भेटले तर पावसापाण्याचं बोलायचे आणि निघायचे. शत्रुघ्न बोलताना नेहमी मार्सेलच्या उजव्या बाजूला उभा राहायचा, म्हणजे तो काचेचा डोळा समोर येणार नाही.

मग वाडीत विजेचा पंप आला. एक बटण दाबलं की पाणी. रहाट उतरवला, रेडा विकला, आणि मी गाडग्यांच्या खापरांबरोबर विहिरीमागच्या ढिगाऱ्यात पडले. मित्रांनो, ज्याने आयुष्यभर ओढ सोसली त्याला मोकळं पडून राहणं काही सुखाचं नसतं. माझ्यावर गोगलगाई फिरायच्या. वाटायचं, संपलं आपलं.

त्याच सुमारास गावातल्या तरुणांनी लढाई पुन्हा सुरू करायचं घाटलं. पुढाकार आल्बर्टचा. हा बँकेत नोकरीला होता, बोलायला चटपटीत, आणि माईक हातात मिळाला की सोडवत नसे. तो मार्सेलकडे आला आणि म्हणाला, तुम्ही हो म्हणालात तरच करू. सगळ्यांना वाटलं, मार्सेल उठून आत जाईल. तो उठला खरा, पण विहिरीमागे गेला. ढिगाऱ्यात हात घालून त्याने मला उचललं, धोतराला पुसलं, काचेचा डोळा काढून खिशात ठेवला आणि मला त्या रिकाम्या खोबणीवर धरलं. मी हाडावर नेमकी बसले. ना आत गेले, ना बाहेर लोंबले.

"जी काठी हिच्यातून जाईल, ती डोळ्यात जाईल," तो म्हणाला. "तसली काठी मैदानात नको."

तेव्हापासून मी कामाला लागले. नियम सगळे मार्सेलचेच. बांबूच्या टोकाला काथ्या गुंडाळायचा आणि त्यावर केळीच्या खांबाची सोपटं बांधायची. सोपटं म्हणजे खांबाचे ते जाड, पांढरे, पाण्याने भरलेले पदर. वसईत केळीला काय तोटा? ताजं सोपट गादीसारखं मऊ असतं. मग ते टोक माझ्यावर टेकवायचं. अडलं की त्यावर चुन्याचं बोट ओढायचं, म्हणजे काठी पास. खांद्याच्या वर मारायचं नाही. कोणीही, कुठेही 'पुरे' म्हटलं, की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. दारू प्यायलेला नको आणि घरून भांडून आलेलाही नको. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी समोरासमोरच्या दोघांनी एकमेकांच्या मिटलेल्या पापण्यांना हात लावून म्हणायचं, 'तुझे डोळे माझ्या हाती.' पोरं पहिल्या वर्षी हे म्हणताना खिदळली. मार्सेल तिथेच उभा होता, काचेचा डोळा रोखून. मग कोणी खिदळलं नाही.

चांगली वर्षं होती ती. कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. लोक म्हणायचे, कडीने राखलं. मी मनातून फुगायचे, खोटं कशाला सांगू. एक वर्ष मात्र भांडण झालं. आल्बर्टने हरता हरता ओरड केली की समोरच्यांनी काठ्या बदलल्या, परत तपासा. परत तपासल्या, सगळ्या पास निघाल्या, पण ज्यांच्या काठ्या तपासल्या त्यांच्या वर्मी लागलं. आम्ही काय चोर आहोत? गावात महिनोन्महिने दोन चुली असल्यासारखं झालं. तेव्हा सगळ्यांनी मिळून आणखी एक नियम केला. एकदा चुना लागला की लागला. पुन्हा तपासणी मागायची नाही, मागणं हा अपमान.

मला तो नियम तेव्हाही पटला नव्हता. पण मला विचारतो कोण?

आता एकोणऐंशी सालचं सांगते. त्या वर्षी मार्सेलची मुलगी विनी हिने बापाला सांगितलं की मीही खेळणार. तिच्यापाठोपाठ शत्रुघ्नची कमळी. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, भाताच्या टोपल्या आणि केळीचे घड ने-आण करता करता जमलेल्या. गावात चर्चा सुरू झाली. बायकांचं हे काम नव्हे, पडल्या-झडल्या तर लग्नं कशी व्हायची, असं बरंच काही. मार्सेल नाही म्हणाला. विनी हट्टाला पेटली. तिने बापाला त्याचेच नियम म्हणून दाखवले आणि विचारलं, यात मुलीने खेळू नये असं कुठे आहे?  खरं कारण मार्सेलला बोलता येत नव्हतं. तो दिवसभर वाडीत राबला आणि संध्याकाळी म्हणाला, खेळा.

पण त्या दिवसापासून त्याचा जीव टांगणीला लागला. खुंटीवर लटकले होते मी, पण टांगलेला तो होता. जेवताना घास हातात धरून बसायचा. शेतात जाऊन धसकटं उपटायचा, खडे वेचायचा, बांधावरची निसरडी जागा फावड्याने खणून खडबडीत करायचा. शत्रुघ्न त्या वेळी पलीकडच्या शेतात असायचा. तोही तेच करायचा, त्याच्या बाजूने. दोघं बांधाच्या दोन अंगांना वाकून खडे वेचायचे आणि एकमेकांना काही बोलायचे नाहीत.

ठरलेल्या रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा आटोपून मार्सेलने तपासणी केली. ताज्या केळी पाडल्या होत्या, सोपटं पाण्याने निथळत होती. एकेक टोक माझ्यावर आलं, मी एकेक अडवलं. विनीची काठी अडवली. कमळीची अडवली. चुन्याची बोटं ओढली गेली. मी निश्चिंत झाले. आणि तेवढ्यात खाडीवरून निरोप आला की धोंडूबाई गेली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, अर्ध्या गावाची सुईण. तिच्या मयतीच्या दिवशी खेळ कोण खेळणार? लढाई पुढच्या रविवारवर गेली. काठ्या मार्सेलच्या पडवीत रचून ठेवल्या, आणि मला तिथल्याच खुंटीवर अडकवलं.

पडवीवर पत्रा होता, मित्रांनो. जानेवारीत वसईला सकाळी गारवा असतो, पण दुपारी पत्रा तापला की खाली भट्टी होते. त्यात खाडीवरून कोरडा वारा. सोमवारी मला काही कळलं नाही. मंगळवारी काठ्यांच्या ढिगातून कुरकुर ऐकू येऊ लागली. मला वाटलं उंदीर. पण उंदीर नव्हता. सोपटं सुकत होती. पांढरी होती ती पिवळी पडली, मग तपकिरी. आतलं पाणी गेलं. पण सुकताना ती आक्रसून चिकटली नाहीत, तर कागदासारखी फुगून राहिली. बाहेरून बघणाऱ्याला टोक आधीपेक्षा भरलेलं वाटावं. आत मात्र सगळी पोकळी. आणि त्या पोकळीच्या आत बांबू.

आणि प्रत्येकीवर चुन्याचं पांढरं बोट तसंच ठळक.

माझी काय अवस्था झाली, सांगता सोय नाही. मार्सेल रोज पडवीत यायचा. काठ्या मोजल्यासारखं करायचा, वर पत्र्याकडे बघायचा, विनीला विचारायचा, चप्पल घालून खेळशील की अनवाणी? त्याला कसली म्हणून काळजी नव्हती? ऊन, दगड, पाय घसरणं, आल्बर्टने कोणाला पाजली तर. सगळ्याची काळजी केली बिचाऱ्याने, एक सोडून. चुना लागला होता ना. जे एकदा पास झालं त्याच्याकडे माणूस पुन्हा बघत नाही. मी खुंटीवरून पडायचं म्हटलं तर वारा पुरेना, ओरडायचं म्हटलं तर जीभ नाही. मला टिचकी मारून आवाज ऐकणारा नथू कधीच वारला होता.

रविवार आला. शेतावर ही गर्दी. कळंबकडून माणसं आली होती, स्टेशनच्या बाजूनेही आली होती. आल्बर्टने कर्णा लावला होता आणि पाहुणे म्हणून कोणी पुढारी बोलावले होते. टोपलीत हात घातले गेले. विनीला सुपारी आली, कमळीला चिंचोका. मार्सेलच्या गळ्यात दोरीला मी होते, दरवर्षीसारखी. त्याच्या छातीची धडधड मला लागत होती. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, तिथेच, त्याच बांधापाशी.

आणि मग मी शत्रुघ्नला येताना पाहिलं.

तो प्रसंग झाल्यापासून लढाईच्या दिवशी त्याने इथे पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी तो घरी थांबायचा, दार लावून. आज आला. पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, चेहरा राखेसारखा. गर्दी आपोआप बाजूला झाली. तो सरळ मार्सेलसमोर आला. उजव्या बाजूला नाही, समोर. आणि त्याने हात पुढे केला.

"मार्सेल, तुजी कडी मना दे."

मार्सेलला आधी कळलंच नाही. मग हळूच म्हणाला, "चुना लागलाय, शत्रुघ्न. परत तपासायची नाही. तू गावचाच आहेस, तुला ठाऊक आहे."

"नेम तुजा खरा हाय," शत्रुघ्न म्हणाला. "मना काय समजत नाय त्यातलं. पन माज्या जिवाला थारा नाय. दुसऱ्या कोनाची नको, माज्या पोरीची काठी बगतो."

कर्ण्यावरून आल्बर्ट सांगत होता की वेळ झाली, पाहुण्यांना दुसरीकडे जायचं आहे. मागून कोणीतरी बोललं, हा एवढ्या वर्षांनी आला आणि अपशकुन करतोय. शत्रुघ्नने ते ऐकलं, मान खाली घातली, पण हात मागे घेतला नाही. त्याचा तो हात थरथरत होता. मार्सेलने दोरी गळ्यातून काढली आणि मला त्या हातात ठेवलं. 

कमळीने काठी पुढे धरली. ती शरमली होती, सगळ्यांसमोर बापाने हे काय मांडलंय म्हणून. शत्रुघ्नने मला टोकावर टेकवलं. दिसायला टोक भरदार. मी अडले. कोणीतरी हसलं. मग त्याने जरा दाब दिला, आणि ते सुकं सोपट कुरकुरलं, दबलं, आणि मी खाली सरकले. सोपट गेलं, सैल पडलेला काथ्या गेला, आणि बांबूचा टणक कंगोरा माझ्या आतल्या अंगाला घासला. मी खाली जात राहिले, थेट कमळीच्या मुठीला जाऊन लागेपर्यंत.

शेतावरची माणसं पुढे सरकून बघू लागली.

मार्सेलने विनीच्या हातातली काठी घेतली. तीही आरपार. पुढच्याची घेतली, तीही. चौथी त्याने तपासलीच नाही. त्याने मान वर केली, आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच तो ओरडला, "पुरे!"

मैदानातली पोरं जागच्या जागी गोठली. इतक्या वर्षांची सवय. हातातल्या काठ्या खाली टेकल्या. आल्बर्ट बांधावरून धावत आला, म्हणाला, काका, एवढी माणसं आली आहेत, पाहुणे बसलेत, जरा सांभाळून खेळतील पोरं, काही होत नाही.  मार्सेलने खिशात हात घातला, रुमाल काढला, काचेचा डोळा काढून रुमालावर ठेवला आणि तो रुमाल आल्बर्टच्या हातात दिला. आल्बर्टने कर्णा बंद केला.

मग सगळं गाव मार्सेलच्या वाडीत लोटलं. घड उतरलेल्या केळी दोन-चारच होत्या, त्या पुरणार कुठून? मार्सेलने कोयता घेतला आणि घड धरलेल्या केळी पाडायला सुरुवात केली. कच्चे घड जमिनीवर आपटले. त्याची बायको तोंडावर पदर धरून बघत राहिली, पण आड आली नाही. शत्रुघ्नने दुसरा कोयता उचलला. बायका-पोरं सोपटं सोलायला बसली, पाहुणे कंटाळून निघून गेले. काठ्या नव्याने बांधल्या गेल्या आणि एकेक माझ्यापाशी आली. या वेळी मी शत्रुघ्नच्या हातात होते. त्याने प्रत्येक टोक दाबून बघितलं, दोन-दोनदा बघितलं, आणि कोणाला अपमान वाटला नाही.

ऊन कलल्यावर लढाई झाली. काय खेळल्या म्हणून सांगू पोरी! कमळी तर बांधावर अशी चढली की पोरगे बघत राहिले. आणि निशाणाला हात घालायला ती वाकली, त्याच वेळी विनी तिला अडवायला पुढे झुकली, आणि कमळीचा पाय सुटला.  तीच जागा, तीच घसरण. कमळीच्या काठीचं टोक वर उडालं आणि विनीच्या डोळ्यावर येऊन आदळलं.

"पुरे!" विनी किंचाळली.

सगळं थांबलं. मार्सेल धावला, पण त्याच्या आधी शत्रुघ्न पोचला. विनीने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता.  शत्रुघ्नने तिचे हात हळूच बाजूला केले. डोळा लाल झाला होता, पाणी वाहत होतं, भुवईपासून गालापर्यंत केळीचा चिकट रस माखला होता. विनीने पापण्या उघडझाप केल्या, एकदा, दोनदा. मग म्हणाली, "दिसतंय, काका. नीट दिसतंय."

शत्रुघ्न तिथेच ढेकळांत खाली बसला आणि रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, सगळ्या गावासमोर, टॉवेलात तोंड खुपसून. कमळीही रडत होती. त्या गर्दीत एकच शांत होता, मार्सेल. तो त्याच्याजवळ खाली बसला. त्याने शत्रुघ्नचा हात धरला, ज्या हातात मी अजून होते तोच, आणि आपल्या चेहऱ्याकडे नेला. आपल्या दोन्ही पापण्या मिटल्या. डावी काही नीट मिटत नव्हती, काचेचा डोळा अजून आल्बर्टकडेच होता.

शत्रुघ्नला काय करायचं ते कळलं. नियम सुरू झाल्यापासून गावातल्या प्रत्येकाने ते केलं होतं, एक तो सोडून. त्याने बोटं आधी उजव्या पापणीला लावली. मग, खूप वेळ थांबून, डाव्या पापणीला.

"तुजे डोले माज्या हाती," तो कसंबसं म्हणाला.

"डोळे नाही रे," मार्सेल म्हणाला. "एकच उरलाय. तेवढा सांभाळ."

मित्रांनो, मी त्या दोघांच्या मध्ये होते, एकाच्या तळव्यात आणि दुसऱ्याच्या गालाला टेकलेली. इतकी वर्षं ओढ सोसली, पण त्या दिवसासारखी नाही.

मार्सेलने मला परत घेतलं नाही. त्या दिवसापासून मी शत्रुघ्नच्या घरी राहिले, आणि दरवर्षी तपासणी तोच करू लागला. 'एकदा चुना लागला की लागला' हा नियम गावाने मोडला. नवा नियम झाला, तपासणी मैदानावर, खेळाच्या तोंडावर, आणि ज्याला पुन्हा तपासून हवं त्याने निःसंकोच मागावं. विनीच्या त्या दिवसाच्या फ्रॉकवर केळीच्या रसाचा तपकिरी डाग पडला. केळीचा डाग काही केल्या जात नाही. तिच्या आईने तो फ्रॉक टाकून दिला नाही, घडी करून ठेवला.

आता लढाई होत नाही. खाडीकडच्या शेतांवर मातीचे ट्रक येऊन पडतात, बांध सपाट झाले. पोरं नोकऱ्यांना लागली. मी शत्रुघ्नच्या ओटीवर खिळ्याला आहे. मार्सेल कधीमधी संध्याकाळी येऊन बसतो, दोघं बिड्या ओढतात आणि पावसापाण्याखेरीजही पुष्कळ बोलतात. शत्रुघ्न आता कुठल्याही बाजूला बसतो. माझ्याकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. गंज चढतो आहे. परवा कमळीच्या मुलाने मला खाली काढून चाकासारखं अंगणात पळवलं, तेवढंच काय ते सुख.

तुम्हीही खेळत असाल. खेळा बाबांनो, जरूर खेळा, लढाई खेळा, मारामारी खेळा, मुली-मुलगे मिळून खेळा. पण खेळायच्या तोंडावर काठीचं टोक एकदा बघा. काल बघितलं होतं म्हणू नका, काल ते ओलं होतं. आणि तुमच्यातला एखादा घाबरट, ज्याला तुम्ही हसता, पुढे येऊन म्हणाला की मला परत बघायचंय, तर त्याला बघू द्या. त्याचा हात थरथरत असेल. थरथरू दे. मला उतरवून त्या हातात द्या. मी अजून अडवू शकते.